चौदा मेंढ्या, तीन गायी, एक वासरू

सासूबाई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या आणि पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये परत गेल्या. दोष कुणाचाच नव्हता. आधी विमानं बंद झाली. मग सुरू झाली तर तिकिटं मिळेनात, आणि मिळाली तर पुण्याहून दीर फोन करून सांगायचे, "आत्ता नको वहिनी, इकडे हाल आहेत. आई तिकडेच सुखरूप आहे." सुखरूप म्हणजे काय, तर युट्रेख्टपासून पाऊण तासावरच्या एका गावातलं अरुंद तिमजली घर. मधल्या मजल्यावर मुलगा हेडफोन लावून बसलाय, वरच्या मजल्यावर सून हेडफोन लावून बसलीय आणि खाली त्या स्वतः, खिडकीत.

त्यांनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. नुसतं बसणं हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. पहिल्या महिन्यात माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना लेबलं लागली. तिसऱ्या महिन्यात ती लेबलं काढून जास्त चांगल्या अक्षरातली लागली. त्यानंतर घरात सुधारण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी मागच्या खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली.

मागे एक पाण्याचा चर आहे. चरापलीकडे कुरण, आणि कुरणाच्या दुसऱ्या टोकाला आजोबांचं घर. आजोबा म्हणजे आमचे डच शेजारी. ऐंशीला टेकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दुधाचा धंदा त्यांनी कधीच बंद केला होता. उरल्या होत्या त्या जुन्या जातीच्या तीन तांबड्या गायी, त्यांतल्या एकीचं उन्हाळ्यात झालेलं वासरू आणि चौदा मेंढ्या. ही सगळी मंडळी बारा महिने बाहेरच असायची.

ऑक्टोबरात पाऊस सुरू झाला. इथला पाऊस पडत नाही, तो असतो. पाहुणा आला की निदान कधी जाणार हे विचारता येतं, त्याला तेही विचारायची सोय नाही. कुरणाचा रंग हिरव्याचा तपकिरी झाला, फाटकापाशी घोटाभर चिखल झाला, आणि जनावरं त्या पावसाकडे पाठ करून शांतपणे उभी. सासूबाईंना ते बघवेना.

"अगं, मुकी जनावरं भिजतायत नुसती. गोठा आहे ना त्यांच्याकडे? मग काय शोभेला ठेवलाय?"

"आई, त्यांना सवय असते."

"सवय मलाही चौतीस वर्षं खडूची होती. म्हणून काय आवडायचा?"

शेवटी मी माझ्या तोडक्यामोडक्या डचमध्ये आजोबांना विचारलं. ते हसले नाहीत. त्यांनी फाटकापाशी एक मेंढी धरली आणि सासूबाईंना खूण केली, लोकरीत हात घाला. सासूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पदर खोचला आणि हात घातला. वरून चिंब ओली असलेली ती लोकर आत बोटभर खोल कोरडी होती, आणि ऊनऊन. आजोबा म्हणाले, पाणी वरून निघून जातं, पाण्याने मेंढी मरत नाही. कोंदट हवेने मरते. गोठ्यात कोंडल्या की एक खोकते, मग सगळ्या खोकतात. मी हे मराठीत सांगितलं आणि शक्य तितक्या सहजपणे पुढे जोडलं, "टीव्हीवर रोज माणसांबद्दलही हेच सांगतात, आई. तुमच्या खोलीच्या खिडकीच्या फटीत कोंबलेला टॉवेल आता काढायचा का?"

"मी मेंढी नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

पण त्या दिवसापासून त्या गृहस्थांवर खूश होत्या. आजोबांना त्या कायम 'गृहस्थ' म्हणायच्या. गृहस्थ बाहेर निघाले की ह्या छत्री घेऊन चराच्या अलीकडे उभ्या. जनावरं बाहेर ठेवायची म्हणजे सोडून द्यायची नाहीत, हे त्यांना तिथे उभं राहून कळत गेलं. चिखल फार झाला की आजोबा कुंपणाची तार हलवून कळप दुसऱ्या तुकड्यात नेत. सुकं गवत नेहमी उंचवट्यावर टाकत, म्हणजे खाताना तरी पाय कोरडे राहतात. मेंढ्यांचे खूर उलटे करून बघत, ओलीने कुजलेत का. आणि दिवसातून दोनदा मोजत. नुसती डोकी नव्हे, पाय खाली आहेत की वर तेही. ओल्या लोकरीने जड झालेली मेंढी एकदा पाठीवर पडली की तिला आपली आपण उठता येत नाही, काही तासांत मरते. हे ऐकल्यावर सासूबाई स्वतःच मोजू लागल्या. खिडकीतून, बोट हवेत नाचवत.

आजोबांना एक मुलगी आहे. आइंडहोवनला राहते, इंजिनिअर आहे, इंग्रजी छान बोलते आणि वडिलांच्या काळजीने पिकून गेलेली आहे. तिच्या मते बाबा विसरायला लागले होते. दोनदा फाटक उघडं राहिलं होतं, एकदा किटली जळून गेली होती. तिने सांगून टाकलं होतं, हा हिवाळा शेवटचा, आणि ह्या हिवाळ्यात काही बिनसलं तर तोही पूर्ण नाही. जनावरं विकत घेणाऱ्या माणसाला ती सरळ फोन करणार होती. हे आम्हाला आजोबांनीच सांगितलं, चरापलीकडून, उद्या वारा सुटेल म्हणावं तसं. सासूबाईंना मी सगळं मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "गायी गेल्या तर हे गृहस्थ सकाळी उठतील कशाला?"

नोव्हेंबरात आजोबांना तो आजार झालाच. दवाखान्यात न्यावं लागलं नाही, पण ताप चढला, आणि घराबाहेर पडायला बंदी. मुलगी एक दिवसाआड यायची, दारात जेवण ठेवायची, कुरणात गवत टाकायची आणि जायची. मधल्या वेळेचं काय? आजोबांनी मला फोन केला. खोकत खोकत म्हणाले, "दिवसातून दोनदा मोजाल का? फक्त मोजायचं. खायला काहीही घालायचं नाही. काहीही."

मी हे शब्दशः सासूबाईंना सांगितलं. देवाशपथ सांगितलं. त्यांनी शंभर पानी वही काढली, पट्टीने रेघा मारल्या आणि वर लिहिलं, 'हजेरी'. सकाळी आठ, दुपारी चार. मेंढ्या चौदा, गायी तीन, वासरू एक. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी मला दीर काय म्हणाले, विमानाचं काय झालं, हे विचारलं नाही.

आणि मग आली वसुबारस.

पुण्यात सासूबाई चाळीस वर्षं वसुबारसेला चांदीची गाय पुजायच्या. बोटाएवढी, पोटाला चिकटलेल्या वासरासकट, पाटावर. खरी गाय नव्हती असं नाही, रस्त्यावर होती, पण तिच्यामागे वासरू नसायचं आणि पुढे रिक्षा असायची. आता ती चांदीची गाय पुण्यात कुलूपबंद, आणि इथे खिडकीबाहेर सवत्स धेनू, जिवंत, रवंथ करतेय. सासूबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं खेळण्याची पूजा केली. आता देवाने खरी पाठवलीय, तर मी काय पडदा ओढून घेऊ?"

मी म्हटलं, "पूजा करू या, पण आई, खायला घालायचं नाही म्हणालेत ते."

"खायला कोण घालतंय? नैवेद्य आहे तो."

मी उडीद भिजत घातले.

इथवर चूक सासूबाईंची म्हणता येईल. पुढची सगळी माझी. मी गाईचा आणि वासराचा एक फोटो काढला आणि आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'वसुबारस, थेट आमच्या मागच्या दारातून.' मला वाटलं दोन-चार हात जोडलेले येतील. आले ते प्रश्न. गाय देशी आहे का? पार्किंग आहे का? आम्ही येऊ का? सात महिने कुणी कुणाकडे गेलं नव्हतं. गणपती स्क्रीनवर झाले होते, दिवाळीही स्क्रीनवरच होणार होती. डेल्फ्टच्या पीएचडीवाल्या मुलीने लिहिलं, 'ताई, मी मार्चपासून एकाही सजीवाला हात लावलेला नाही.' कोण नाही म्हणेल हो? मी एक तक्ता बनवला. दुपारी एकपासून पाचपर्यंत, प्रत्येकी पंधरा मिनिटं, एका वेळी फक्त दोन माणसं, मास्क बंधनकारक, दीड मीटर अंतर. गाईपासूनसुद्धा दीड मीटर, हेही मी त्यात घातलं होतं. नोकरीत माझ्या कुठल्याही तक्त्याला एवढा चोख प्रतिसाद मिळालेला नाही. चौदा घरं, एकही रद्द नाही.

खरं सांगते, मला मिरवायचं होतं. आणि आणखी एक होतं. त्या आठवड्यात सासूबाई दोनदा गुणगुणताना ऐकल्या होत्या, आणि ते बंद पडू नये असं मला फार वाटत होतं.

कुरणाला रस्त्याच्या बाजूने एक फाटक आहे. सासूबाई तिथे छत्री धरून उभ्या, मी यादी घेऊन. भुरभुर पाऊस. लोक युट्रेख्टहून आले, डेल्फ्टहून आले, एक जोडपं तर थेट आइंडहोवनहून पुरणपोळ्या घेऊन आलं. दीड मीटरचं अंतर गाईनेच पहिल्या दोन मिनिटांत मोडलं. हळद-कुंकू, सुपरमार्केटातली शेवंती, ओवाळणं, फोटो, आणि नैवेद्य. उडदाचे वडे, भात, गूळ घातलेले कणकेचे गोळे, भिजवलेली हरभऱ्याची डाळ. आम्हा बायकांना त्या दिवशी गहू चालत नव्हता, म्हणून घराघरातली कणीक गाईकडे आली होती. प्रत्येकाचा नैवेद्य जेमतेम एक डबा. डबा केवढा, हे मात्र माझ्या तक्त्यात नव्हतं. एका काकूंनी तर पातेलंच आणलं.

बाकीच्या दोन गायी वासाने जवळ यायला लागल्या, तर सासूबाई छत्रीने त्यांना मागे सारायच्या. "तुमचं नाही गं आज. तुम्ही सवत्स नाही." त्या दोघींचे प्राण शास्त्राने वाचवले. चार वाजता हजेरी झाली. चौदा, तीन, एक. पाचला शेवटचं जोडपं गेलं, आणि सासूबाई घरी येऊन बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खात म्हणाल्या, "काय समाधान झालं गं." मलाही झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मीटिंगमध्ये माझी स्क्रीन दाखवत होते, तर दारात सासूबाई. त्या तिसऱ्या मजल्यावर कधी येत नाहीत, गुडघे दुखतात. मी हेडफोन काढला.

"मोजणी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण एक बसलीय, आणि ती नेहमीसारखी बसलेली नाही."

मी वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, पायात गमबूट अशी धावले. गाय पावसात चिखलात बसली होती. डावी कूस फुगून टम्म झालेली. डोळे अर्धे मिटलेले, दात करकर वाजत होते, रवंथ बंद. कपाळावरचं कुंकू ओघळून नाकापर्यंत आलं होतं. वासरू बाजूला उभं राहून तिच्याकडे बघत होतं.

हातात फोन होता, पण मी तो लगेच लावला नाही, हे लिहायला हवं. मी विचार करत होते. फोन केला तर मुलीला कळणार. मुलीला कळलं की विकत घेणारा येणार, आणि आजोबांचं अंगण रिकामं होणार, आमच्या नैवेद्यामुळे. नाही केला तर कदाचित आपोआप बरी होईल. कदाचित. सासूबाईंनी माझं तोंड वाचलं.

"लाव फोन."

"आई, त्यांच्या मुलीला..."

"गणित चुकलं की खोडायचं नसतं. रेघ मारायची आणि खाली परत मांडायचं. लाव."

लावला. आजोबांनी आधी मोजणी विचारली. मी सांगितली, आणि मग बाकीचं सांगितलं. कुरणापलीकडे त्यांच्या वरच्या मजल्यावरचा पडदा सरकला आणि खिडकीत दुर्बीण दिसली.

"तिच्या डोक्यावर ते लाल काय? रक्त?"

"नाही. ते... आमचा सण होता."

खोकून झाल्यावर ते म्हणाले, "काय खाल्लं तिने?"

उडदाच्या वड्याला डचमध्ये काय म्हणतात, हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी म्हटलं, डाळीचा तळलेला पदार्थ, मध्ये भोक असलेला. मग भात. मग पीठ, गुळाचं. मग गोड पोळी, आत गोड डाळ.

"किती?"

"चौदा घरांचं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तिला उठवा. बसू देऊ नका, चालवा. मी जनावरांच्या डॉक्टरला बोलावतो."

पाचशे किलोची गाय कशी उठवतात? मी मागून गुडघा लावून ढकलत होते, घसरत होते, परत ढकलत होते. सासूबाई पुढे उभ्या राहिल्या, छत्री मिटली, आणि नववी 'ब'ला ज्या आवाजाने गप्प करायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "उभी राहा!" गाय उठली. ती त्यांच्या ओरडण्याने उठली की माझ्या ढकलण्याने, यावर आमच्यात अजूनही एकमत नाही. पण मग तिच्या मानेवर हात ठेवून चालताना सासूबाईंचा आवाज पार बसला. "चूक माझी गं बाई. तू चाल. चूक माझी," असं त्या तिला म्हणत होत्या. मी मागे राहिले, कारण मला रडू येत होतं.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी गाईच्या घशातून नळी घातली, पोटातला वायू बाहेर काढला, तेल आणि औषध पाजलं. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. काय खाल्लं त्याची खरी यादी मी त्यांना दिली, ती त्यांनी भुवया उंचावत ऐकली. गवत खाणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम एवढं धान्य गेलं की ते आंबतं, म्हणाल्या, आणि गाय त्याने मरते. शिवाय स्वयंपाकघरातलं अन्न जनावरांना घालायला इथे कायद्याने बंदी आहे. मग कागद काढून विचारलं, "हे घातलं कोणी?"

मी तोंड उघडलं. पण आजोबा त्यांच्या फोनवर होते, स्पीकर चालू होता. "मी घातलं," ते म्हणाले. "काल बरं वाटत होतं म्हणून बाहेर आलो. पाव घातला. घातल्याचं विसरलो आणि परत घातला."

डॉक्टरीणबाईंनी गाईच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं, चिखलातल्या शेवंतीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. आणि आजोबांनी सांगितलं ते लिहून घेतलं.

मी गप्प बसले. सासूबाईंना डच कळत नाही, आणि मी त्यांना ते मराठीत सांगितलंही नाही. ह्या सगळ्या प्रकारात मला खरी लाज कशाची वाटत असेल तर ह्याची.

चौथ्या दिवशी गाय पुन्हा रवंथ करू लागली. सासूबाईंनी खिडकीतूनच हात जोडले. ग्रुपवर कळवलं, तर सत्तावीस हात जोडलेले आले आणि एकाने विचारलं, पुढच्या वर्षी बुकिंग कधी सुरू होणार.

आठवड्याने आजोबांच्या मुलीचा फोन आला. मदतीबद्दल तिने माझे फार आभार मानले. मग म्हणाली, "बाबांनी स्वतः कबूल केलं. तापात बाहेर गेले, दोनदा खायला घातलं, लक्षातच राहिलं नाही. आता माझ्याकडे दुसरा मार्ग नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माणूस येऊन सगळी घेऊन जाईल." मी 'हो' म्हटलं आणि फोन ठेवला. माणूस किती सभ्यपणे नीच वागू शकतो, ते मी त्या दिवशी शिकले.

रात्रीच्या जेवणाआधी मी सासूबाईंना सगळं सांगितलं. आजोबा काय बोलले, मी काय बोलले नाही, माणूस कधी येणार. मला वाटलं त्या भडकतील. त्यांनी फक्त विचारलं, "ती मुलगी पुन्हा गवत टाकायला कधी येते?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेवणीतली इरकल नेसली, वर माझा रेनकोट, खाली नवऱ्याचे गमबूट, आणि निघाल्या. मी मागून. मुलगी उंचवट्यावर गवत सोडत होती. सासूबाई चिखलातून तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या इंग्रजीत म्हणाल्या, "मॅडम, आय ॲम द कल्प्रिट."

तिला काही कळेना. मग मी सांगितलं. सण, चांदीची गाय, खरी गाय, डबे, पातेलं. ती विश्वास ठेवेना, तिला वाटलं आम्ही वडिलांना वाचवायला रचून सांगतोय. तेव्हा मी फोनवर तो तक्ता उघडून तिच्यापुढे धरला. चौदा घरं, प्रत्येकी पंधरा मिनिटं, शेवटच्या रकान्यात 'नैवेद्य: हो/नाही', सगळीकडे 'हो'. ती इंजिनिअर. तिने तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"म्हणजे बाबा बाहेर आलेच नव्हते."

"नाही."

"म्हणजे ते विसरले नाहीत."

"नाही."

"खोटं बोलले. माझ्याशी. इतकं व्यवस्थित." आणि ती हसायला लागली, हसता हसता तिने बाहीने डोळे पुसले, आणि तोंडाला गवताचा कचरा लागला. सासूबाईंनी पदराने तो पुसायला हात पुढे केला. मग दीड मीटर आठवलं आणि हात मागे घेतला.

माणसाला नको म्हणून कळवलं गेलं. जनावरं निदान हा हिवाळा बाहेर काढणार होती. अट एकच, रोज दोनदा मोजणी, आणि ती सासूबाईंनीच करायची. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

तो हिवाळा भयंकर ओला गेला. डिसेंबरात चर काठोकाठ, जानेवारीत कुरणाचा खालचा अर्धा भाग पाण्याखाली, कळप वरच्या तुकड्यात दाटीवाटीने. बरे झालेले आजोबा काठी टेकत तार हलवायला यायचे, दमायचे, थांबायचे. सासूबाई छत्रीच्या टोकाने त्यांना कुठे जास्त चिखल आहे ते दाखवायच्या. दोघं अर्धा-अर्धा तास बोलत, ते डचमध्ये, ह्या मराठीत. काय बोलता, विचारलं तर म्हणायच्या, "हवेबद्दल." एका सकाळी मोजणी तेरा भरली. सासूबाईंनी परत मोजलं, मग तिसऱ्यांदा, आणि मला मीटिंगमधून खेचून नेलं. चौदावी चराच्या उतारावर पाठीवर पडली होती, चारही पाय आभाळाकडे. आम्ही दोघींनी लोकर धरून तिला उलटवलं. ती मिनिटभर झोकांड्या खात उभी राहिली आणि आभार न मानता चालती झाली. सासूबाईंनी वहीत तेरावर रेघ मारली आणि खाली चौदा लिहिलं. त्यानंतर कधीतरी त्यांच्या खिडकीच्या फटीतला टॉवेल नाहीसा झाला. मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मार्चमध्ये एकदाचं तिकीट मिळालं. जायच्या आदल्या दिवशी दुपारची हजेरी घ्यायला सासूबाई फाटकापाशी गेल्या, आणि मी चराच्या काठी आजोबांना गाठलं. चार महिने जिभेवर असलेला प्रश्न विचारला. तुम्ही खोटं का बोललात? तुमची जनावरं गेली असती.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं.

"मी सकाळी पडदा उघडला की अठरा जण माझ्याकडे बघतात," ते म्हणाले. "तुमच्या खालच्या खिडकीत ती बसलेली असते. गेल्या मे महिन्यापासून रोज बघतोय. मी माझी जनावरं दिवसातून दोनदा मोजतो. तिला कोण मोजतं, हे काही मला दिसलं नाही. मग म्हटलं, तिचं नाव निघालं तर मोजणीही जाईल तिची; जनावरं आहेत तोवर निदान ती तरी तिच्याकडे राहू दे."

आमच्या घराचे तीन मजले, दोन हेडफोन आणि एक खिडकी हे सगळं त्या म्हाताऱ्याला चरापलीकडून वर्षभर दिसत होतं, आणि मला त्याच घरात बसून दिसलं नव्हतं.

सासूबाई वही छातीशी धरून आल्या. "काय म्हणत होते गृहस्थ?"

"म्हणत होते, मोजणी कधी चुकली नाही."

"चुकेल कशी?" त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षं गणित शिकवलंय." मग वही माझ्या हातात दिली. "उद्यापासून तू. सकाळी आठ, दुपारी चार. मीटिंग असली तरी."

दुसऱ्या दिवशी विमानतळावरून परत आल्यावर मी वही उघडली. शेवटच्या ओळीत त्यांच्या अक्षरात चौदा, तीन, एक. मी पट्टी घेतली, आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, 'आई, एक.' तेव्हापासून सकाळी आठला कुरण मोजून झालं की मी पुण्याला फोन लावते. त्यांची ती जेवणाची वेळ. "जेवतेय गं, नंतर कर," म्हणतात आणि ठेवून देतात. मी रकान्यात एक लिहिते.